आढळ म्हणजे खजिना नव्हे : बैतूलचे जस्त आणि विज्ञानवार्तांची घाई

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात ३,३५० टन सोने सापडल्याची वार्ता देशभर पसरली. हा आकडा त्या वेळच्या रिझर्व्ह बँकेच्या सुवर्णसाठ्याच्या पाचपटीहून अधिक होता. दुसऱ्याच दिवशी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने खुलासा केला. विभागाचा अंदाज ५२,८०६ टन धातुपाषाणाचा होता आणि त्यात दर टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोने होते. शाळकरी मुलानेही हा गुणाकार करून पाहावा. उत्तर येते सुमारे १६० किलो. मूळ बातमीतला आकडा आणि वास्तव यांत सुमारे २१ हजार पटींचा फरक होता. तरीही खुलाशाला मूळ बातमीच्या शतांशानेही जागा मिळाली नाही, आणि आजही समाजमाध्यमांवर ते ३,३५० टन सोने अधूनमधून पुन्हा 'सापडत' असते.

ही एकट्या सोनभद्रची गोष्ट असती, तर विनोद म्हणून सोडून देता आली असती. तसे नाही. भारतीय विज्ञानवार्तेला भूगर्भाच्या बाबतीत दोनच अवस्था ठाऊक आहेत : 'खजिना सापडला' आणि मौन. या दोहोंच्या मधली जी दीर्घ, कष्टाची आणि खऱ्या अर्थाने वैज्ञानिक अवस्था असते, तिला बातमीत स्थान नाही. ती अवस्था समजून घ्यायची असेल, तर सोन्याकडे न पाहता मध्य प्रदेशातील बैतूल पट्ट्याकडे पाहावे. तेथे जस्त आणि तांबे आहे. ते आहे हे कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. आणि तरीही तेथे जस्त-तांब्याची मोठी व्यापारी खाण उभी राहिलेली नाही. या तीन विधानांत कोणताही विरोध नाही, हे ज्याला उमगले त्याला खनिजशोधाचे अर्धे शास्त्र उमगले.

विदर्भाच्या उत्तर सीमेला लागून, सातपुड्याच्या रांगांमध्ये हा पट्टा पसरलेला आहे. त्यातील खडक प्रोटेरोझोइक महाकल्पातील, म्हणजे अब्जावधी वर्षांच्या हिशेबातले आहेत. त्या काळी येथे सागरतळावर ज्वालामुखी क्रिया चालू होती. सिलिकायुक्त आणि लोह-मॅग्नेशियमयुक्त अशा दोन्ही प्रकारचे लाव्हारस बाहेर पडत होते. तळातील भेगांतून सागरजल खोल मुरत असे, तापत असे, खडकांतील धातू विरघळवून घेत असे आणि पुन्हा वर येत असे. अशी क्रिया आजही चालू आहे. १९७९ मध्ये पूर्व प्रशांत महासागरातील उंचवट्यावर 'आल्विन' या पाणबुडीतून शास्त्रज्ञांनी ती प्रत्यक्ष पाहिली. सुमारे ३५० अंश सेल्सियस तापमानाचे काळे, धुरासारखे पाणी तळातून उसळत होते, आणि थंड सागरजलाशी गाठ पडताच त्यातील सल्फाइडे खाली बसत होती. तांब्याची सल्फाइडे अधिक तापमानाला, म्हणजे मुखाजवळ व त्याच्या खाली जमतात. जस्ताची सल्फाइडे तुलनेने कमी तापमानाला, बाहेरच्या व वरच्या भागात जमतात. म्हणूनच जस्त आणि तांबे अशा निक्षेपांत शेजारी नांदतात, पण एकाच खोलीत नव्हे.

बैतूलमध्ये ही मूळ मांडणी जशीच्या तशी राहिली नाही. पुढे हे सर्व खडक गाडले गेले, तापले, दाबले गेले आणि त्यांना घड्या पडल्या. उष्ण द्रवांनी पूर्वीच बदललेला मॅग्नेशियमयुक्त खडक या रूपांतरणात अँथोफिलाइट, कॉर्डिएराइट आणि गार्नेट यांनी भरलेला झाला. सल्फाइडांचे थर ताणले जाऊन भिंगाच्या आकाराचे तुकडे झाले. जस्ताचा काही भाग सल्फाइड सोडून गाह्नाइट या खनिजात गेला. गाह्नाइट हे जस्त व ॲल्युमिनियम यांचे ऑक्साइड असून स्पिनेल कुलातील आहे. ते अत्यंत कठीण असते आणि सहजी झिजत नाही. म्हणून ओढ्यांच्या वाळूत त्याचे हिरवट कण सापडले, की वरच्या अंगाला कोठेतरी जस्त असावे असा माग भूवैज्ञानिकाला लागतो.

भवरा टेकरा, बिसखान, बांसखापा-पिपरिया, मुआरिया ही नावे वर्तमानपत्रांच्या वाचकांनी क्वचितच ऐकली असतील. भूवैज्ञानिक साहित्यात मात्र ती जस्त-तांब्याच्या आढळांची नावे म्हणून परिचित आहेत. प्रत्येक नावामागे एक क्रम आहे. प्रथम नकाशा येतो : कोणता खडक कोठे, कोणत्या दिशेने कललेला. मग पृष्ठभागावरचे गंजलेले लोहयुक्त टोपण, ज्याला गॉसन म्हणतात, ते शोधले जाते. तेथेही फसगत संभवते. हवा-पाण्याने सल्फाइडे कुजली की जस्त सहज विरघळून निघून जाते, आणि जस्ताच्या साठ्यावरच्या टोपणात जस्तच नावापुरते उरते. नंतर मृदा व प्रवाहातील गाळ यांचे रासायनिक नमुने घेतले जातात, मग भूभौतिकीय मापन होते, आणि सर्वांत शेवटी वेधन.

भूभौतिकीय मापनाची पायरी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन पाहावी. तांब्याचे कॅल्कोपायराइट आणि लोहाचे पायरोटाइट ही सल्फाइडे विजेची चांगली वाहक असल्यामुळे विद्युत्-चुंबकीय मापनात ती उठून दिसतात. जस्ताचे मुख्य धातुक स्फॅलेराइट मात्र विजेचे अतिशय मंद वाहक आहे. म्हणजे उपकरणाला जस्त जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ते त्याचे सोबती. उलट ग्रॅफाइटयुक्त खडक, ज्यात धातूचा लवलेश नसतो, तो उपकरणावर झगझगीत संकेत देतो. गुरुत्वमापन येथे मदतीला येते, कारण स्फॅलेराइटची घनता सुमारे ४ आणि सामान्य खडकाची सुमारे २.७ असते. पण साठा लहान आणि खोल असेल तर तो फरकही पुसट होतो. सारांश, एकही पद्धत एकटी पुरेशी नाही. अनेक दुबळ्या पुराव्यांची जुळणी करून एखाद्या ठिकाणी वेधन करायचे, आणि घडी पडलेल्या भिंगाच्या दहा मीटर बाजूने नळी खाली गेली तर रिकाम्या हाताने परतायचे, असा हा व्यवहार आहे.

अशा व्यवहारात 'सापडले' या क्रियापदाला अर्थ काय? खनिजशोधाच्या वर्गीकरणात त्याचे उत्तर स्पष्ट आहे. जी-४ म्हणजे टेहळणी, जी-३ म्हणजे प्राथमिक शोध, जी-२ म्हणजे सर्वसाधारण समन्वेषण आणि जी-१ म्हणजे तपशीलवार समन्वेषण. शिवाय भूगर्भातील 'संसाधन' आणि फायद्याने काढता येण्याजोगा 'साठा' हे दोन वेगळे शब्द आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतील रियासी येथील लिथियमचा ५९ लाख टनांचा आकडा जाहीर झाला, तेव्हा सरकारी पत्रकातच तो 'अनुमानित' आणि 'जी-३' पातळीचा आहे असे लिहिले होते. बातम्यांनी ती दोन विशेषणे गाळली आणि भारताला जागतिक लिथियमसत्तांच्या रांगेत बसवले. त्या क्षेत्राचा लिलाव मार्च २०२४ मध्ये पुरेशा पात्र बोलीदारांअभावी रद्द करावा लागला. खडक तोच होता. बदलला होता तो शब्दांचा फुगा.

यावर एक बचाव नेहमी पुढे केला जातो. थोडी अतिशयोक्ती झाली तर काय बिघडले? त्यामुळे तरुण विज्ञानाकडे वळतात, गुंतवणूक येते. हा बचाव तपासून पाहण्याजोगा आहे, कारण त्याचा प्रयोग जगाने केलेला आहे. इंडोनेशियातील बुसांग येथे प्रचंड सोने असल्याचा दावा करणारी ब्रे-एक्स ही कॅनडातील कंपनी १९९७ मध्ये कोसळली, कारण नमुन्यांत बाहेरून सोने मिसळलेले निघाले. असंख्य लहान गुंतवणूकदार बुडाले. त्यातून धडा घेऊन कॅनडाने 'नॅशनल इन्स्ट्रुमेंट ४३-१०१' ही नियमावली आणली. त्यानुसार खनिजसाठ्याच्या जाहीर आकड्यामागे पात्र तज्ज्ञाचे नाव आणि जबाबदारी असावी लागते, आणि अनुमानित आकड्याला अनुमानितच म्हणावे लागते. तेथील खाण उद्योग या शिस्तीने मेला नाही. उलट त्या शिस्तीवरच त्याची पत उभी आहे. अतिशयोक्तीने गुंतवणूक येते हे खरे, पण ती पहिल्यांदाच येते.

आणि किंमत केवळ गुंतवणूकदार मोजत नाहीत. बैतूलच्या टेकड्यांवर गोंड आणि कोरकू समाजाची गावे आहेत. 'गावाखाली खजिना' अशी बातमी त्या गावात पोहोचते तेव्हा ती विज्ञानवार्ता राहत नाही. जमिनीचे व्यवहार, अफवा आणि विस्थापनाची धास्ती यांच्या रूपाने ती पोहोचते. दहा वर्षांनी खाण झाली नाही, तरी ती धास्ती परत घेता येत नाही.

दुसरी गफलत सूक्ष्म आहे आणि ती केवळ वार्ताहरांची नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ३० अतिमहत्त्वाच्या खनिजांची यादी प्रसिद्ध केली. तीत तांबे आहे, जस्त नाही. देशाची जस्ताची गरज राजस्थानातील खाणींमुळे बऱ्याच अंशी भागते, तेव्हा हा निर्णय निराधार म्हणता येणार नाही. पण त्याच यादीत इंडियम, जर्मेनियम, गॅलियम आणि कॅडमियम आहेत. जगात इंडियम व कॅडमियम प्रामुख्याने जस्ताच्या शुद्धीकरणातूनच मिळतात, जर्मेनियमचा मोठा भाग त्यातूनच येतो, आणि गॅलियमचाही काही अंश. म्हणजे दूध आणि तूप यादीत आहेत, गाय मात्र नाही. बैतूलसारख्या पट्ट्यातील स्फॅलेराइटमध्ये हे विरळ धातू किती आहेत, हा प्रश्न मथळ्यांच्या दृष्टीने नीरस आहे. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र तोच आज विचारण्याजोगा आहे, आणि त्यासाठी नवे डोंगर फोडावे लागत नाहीत. पूर्वीच काढलेले वेधनाचे गाभे जपून ठेवलेले असतील, तर त्यांतील कणांचे सूक्ष्म विश्लेषण पुरते.

येथेच मौनाचा मुद्दा येतो. ज्या वेधनातून काही निघाले नाही, त्याची बातमी होत नाही. पण खनिजशोधात 'येथे नाही' हेही उत्तर असते, आणि पैसा खर्चून मिळवलेले असते. ते नोंदले नाही, गाभा जपला नाही, तर पुढची पिढी त्याच जागी पुन्हा नळी घालते. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहितीभांडार खुले झाले, ही या दिशेने झालेली मोलाची गोष्ट आहे. त्या दिवशी किती मथळे उमटले? सोनभद्रच्या खोट्या सोन्याला जेवढे मिळाले त्याच्या एक टक्काही नाहीत. देशाची खनिजसंपत्ती वाढवण्याची क्षमता मात्र त्या भांडारातच अधिक आहे.

कोणी म्हणेल, दशकानुदशके शोधूनही खाण नाही, म्हणजे बैतूल अपयशीच. या आक्षेपाला राजस्थानातील रामपुरा-आगुचा उत्तर देते. तेथे इसवी सनापूर्वीच्या काळातले खाणकाम झाल्याचे पुरावे आहेत. तरी आधुनिक काळात तो साठा ओळखला गेला १९७७ मध्ये. राजस्थान सरकारच्या खाण व भूविज्ञान विभागातील भूवैज्ञानिक टी. सी. रामपुरिया यांनी तो ओळखला. खाण सुरू झाली १९९१ मध्ये. जगातील अत्यंत समृद्ध जस्तसाठ्यांपैकी एक असूनही ओळखीपासून उत्पादनापर्यंत सुमारे १४ वर्षे लागली, आणि त्याआधीची शतके तो माणसांच्या पायाखाली निमूट पडून होता. ज्वालामुखीजन्य जस्त-तांब्याचे निक्षेप तर बहुधा लहान असतात आणि झुबक्यांनी आढळतात. एक सापडला तर शेजारी दुसरा असण्याची शक्यता असते, पण तो किती खोल आहे हे खडकच ठरवतो. अशा पट्ट्याचे मूल्य एका घोषणेत मोजता येत नाही.

म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आणि वाचकांनी एक सवय लावून घ्यावी. 'सापडले' असे वाचताच विचारावे : किती टन, आणि कशाचे, धातूचे की धातुपाषाणाचे? टनामागे प्रमाण किती? शोधाची पातळी कोणती, जी-४ की जी-१? किती वेधने झाली, आणि त्यांतली रिकामी किती? ते काढता येईल असे कोणी, कोणत्या आधारावर म्हटले? ज्या बातमीत या पाचांपैकी एकाचेही उत्तर नाही, ती विज्ञानाची बातमी नव्हे, मग तिच्यावर कितीही मोठ्या संस्थेचे नाव असो.

आणि जे हे लिहितात, प्रसारित करतात, त्यांच्याकडे मागणी एवढीच आहे की मूळ पत्रकातील विशेषणे गाळू नयेत. 'अनुमानित', 'प्राथमिक', 'आढळ' हे शब्द शास्त्रज्ञांचा संकोच नाहीत. ते त्यांचे मोजमाप आहे. मापातून एकक काढून टाकले तर उरणाऱ्या आकड्याला जेवढा अर्थ असतो, तेवढाच विशेषण गाळलेल्या शोधाला असतो.