पाणी मारायला काय शिकायचं?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात आपल्या भागाने दोन मोठ्या आगी बघितल्या. ६ तारखेला बेळगावजवळ नावगे इथल्या टेप तयार करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि एक तरुण कामगार आत अडकून गेला. ८ तारखेच्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. नाट्यगृहासाठी सगळे हळहळले, आणि हळहळायलाच पाहिजे होतं. शाहू महाराजांनी उभी केलेली ती वास्तू, आणि नाटक बघायला कोल्हापूर गाठणारी माणसं निपाणीत काय, बेळगावात काय, घरोघरी सापडतील. पण दोन्ही ठिकाणी पाइप घेऊन जी माणसं ज्वाळांसमोर उभी राहिली, ती हे काम कुठे शिकतात, किती दिवस शिकतात, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडला?

आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे. एखादा मुलगा म्हणाला की मला फायरब्रिगेडमध्ये जायचंय, तर घरचे म्हणतात, ‘पाणी मारायला काय शिकायचं त्यात?’ बारावीला कमी मार्क पडले, पोलीस भरती हुकली, मिलिटरीत उंची कमी पडली, मग हे आहेच की, असा एकूण सूर. माझं म्हणणं याच्या बरोब्बर उलट आहे. हे तांत्रिक शिक्षण आहे, आणि ते तांत्रिक शिक्षणासारखंच द्यायला आणि घ्यायला पाहिजे.

साधी गोष्ट बघा. कढईतल्या तेलाने पेट घेतला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं, तर काय होतं? पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्यापेक्षा सुमारे सतराशे पट जागा मागते. पेटतं तेल छतापर्यंत उडतं. म्हणजे पाणी कधी मारायचं नाही, हे आधी शिकावं लागतं. विजेच्या आगीत प्रवाह तोडल्याशिवाय पाइप हातात घ्यायचा नाही. बंद खोलीत धुमसणाऱ्या आगीचं दार घाईने उघडलं तर आत शिरलेल्या हवेने भडका बाहेर येतो. आगीत माणसं बहुतेक वेळा भाजून मरण्याआधी धुराने जातात, म्हणून धुरात जमिनीलगत सरकायचं. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा कामाच्या धापेत अर्ध्या तासाच्या आसपास पुरते, तेव्हा आत जाताना परतीची हवा मोजूनच जायचं. यात रसायनशास्त्र आलं, पाण्याच्या दाबाचं गणित आलं, इमारतीचं बांधकाम आलं, प्रथमोपचार आले. ‘पाणी मारायला’ म्हणणाऱ्याने एकदा पूर्ण दाबाचा पाइप एकट्याने धरून बघावा.

नुसत्या धाडसाने भागत नाही, याचा दाखला १४ एप्रिल १९४४ चा आहे. मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं एकाच जहाजात भरलेली होती. कापूस धुमसायला लागला. बंब आले, माणसं आली, पाण्याचा मारा सुरू झाला; पण गासड्यांच्या पोटात जिथे आग होती तिथपर्यंत पाणी पोचेना. जहाज बुडवायचं की बंदराबाहेर न्यायचं, याचा निर्णय वेळेत झाला नाही. संध्याकाळी चारच्या सुमाराला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. (आपल्याकडे त्या दिवशी आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीच्या गडबडीत हा दिवस कोणाच्या लक्षात राहत नाही, ते समजण्यासारखं आहे.)

कापसाच्या गासडीची गोष्ट निपाणीकरांना तरी परकी वाटू नये. तंबाखूची गोदामं, बिडीचे कारखाने, साखर कारखान्यासमोरचे बगॅसचे डोंगर, तोडीच्या आधी पेटणारा उसाचा फड: आपला सगळा भागच जळाऊ मालावर जगतो. दडपून रचलेला ओलसर माल आतल्या आत तापतो, बाहेरून राख दिसते आणि आत निखारा जिवंत असतो. अशी आग विझवायची म्हणजे माल उपसायचा, उलथायचा, पुन्हा भिजवायचा, आणि रात्रभर राखण करायची. हे मुंबईच्या उंच इमारतींसाठी लिहिलेल्या पुस्तकात सापडेलच असं नाही. आपल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकनी स्थानिक अग्निशमन ठाण्याला हाताशी धरून हे शिकवलं तर त्याचा उपयोग उद्याच्या उद्या होईल. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत अग्नितंत्रज्ञान आणि औद्योगिक सुरक्षेचा ट्रेड मुळात आहेच.

आता कटू भाग. ‘फायर अँड सेफ्टी, शंभर टक्के नोकरी’ अशा पाट्या कुठल्याही शहरात एस.टी. स्टँडच्या बाहेर दिसतात. सगळेच वाईट असं मी म्हणणार नाही. पण फी भरण्याआधी एवढं तरी बघा: सरावाचं मैदान आहे का, शिडी आणि पंप आहेत का, की फळ्यावरच आग विझवतात? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हे सर्टिफिकेट भरतीच्या जाहिरातीत चालतं का? महाराष्ट्रातल्या अनेक महानगरपालिका अग्निशामक पदासाठी मुंबईत सांताक्रूझला असलेल्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स मागतात. मुंबई अग्निशमन दल आधी भरती करतं, मग शिकवतं. पण तिथल्या मैदानी चाचणीत १९ फुटांवरून उडी मारायला लावतात. कर्नाटकातही आधी निवड आणि मग प्रशिक्षण, बंगळूरच्या आर. ए. मुंडकूर अकादमीत. म्हणजे ज्या कागदासाठी घरचं सोनं गहाण पडतं, तो कागद कधी कधी कोणी मागितलेलाच नसतो. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होण्याचा रस्ता आणखी वेगळा आहे, तिथे कायद्याने ठरवलेली पात्रता लागते. अग्निशामक आणि सेफ्टी ऑफिसर यांची सरमिसळ करणाऱ्या जाहिरातीपासून चार हात लांबच राहिलेलं बरं.

ज्यांना वरपर्यंत जायचंय त्यांच्यासाठी नागपूर आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत चालतं. १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. तिथे अग्नि अभियांत्रिकीची पदवीसुद्धा मिळते. २००२ मध्ये नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर तिथे दाखल झाल्या, त्या महाविद्यालयातली पहिली विद्यार्थिनी आणि देशातली पहिली महिला अग्निशामक. पुढे त्या ओएनजीसीत गेल्या. आपल्या मुलींनी हे नाव गुगल करावं, आणि मुलांनीही.

सीमाभागातल्या मुलाचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवाराला तिकडच्या सरकारी नोकऱ्यांसाठी अर्ज करता येतो, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला जोडून. तो दाखला वेळेत हातात पडेल याची काळजी जाहिरात येण्याआधीच घ्यायची. आणि कर्नाटकात भरती व्हायचं तर कन्नड यायलाच पाहिजे. इथे आपली पोरं अडतात. काही जण कंटाळ्याने, काही जण मानाच्या प्रश्नाने. मराठीच्या हक्कासाठी भांडायचं ते भांडूच, या मंडळाच्या अंकात ते नेहमीच लिहिलं जातं. पण शहापूरच्या किंवा अक्कोळच्या तिसऱ्या मजल्यावरून बाई हाक मारते ती मराठीत, कन्नडमध्ये की उर्दूत, हे खाली शिडी धरणाऱ्याला निवडता येत नाही. तिला ‘खाली बसा, तोंडाला ओलं फडकं लावा’ हे तिच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. याच न्यायाने ठाण्यातल्या प्रत्येक कन्नड जवानालाही मराठी यायला हवं, ही मागणी आपण हक्काने करू शकतो, आपलं कन्नड बरं असेल तर जास्तच.

९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीची गोकुळ निवास इमारत आगीत कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी त्यात गेले. त्यांत प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर होते. नेसरीकर म्हटल्यावर आपल्याला गडहिंग्लजकडची नेसरी आठवणारच. साहेब मागे गाडीत बसून नव्हते, आत होते. ‘बारावीला मार्क कमी पडले म्हणून’ ज्या नोकरीकडे आपण बोट दाखवतो, तिच्यातली सर्वांत वरची खुर्ची अशी असते.

वाङ्मय मंडळाने यात काय करायचं? दोन गोष्टी सुचवतो. पुढच्या १४ एप्रिलच्या आसपास ठाण्यातल्या जवानांना कॉलेजात बोलवावं, भाषणाला नाही, मैदानात प्रात्यक्षिकाला. आणि नंतर त्यांच्याशी बसून त्यांचे शब्द टिपून घ्यावेत. बंब हा शब्द आपण अंघोळीच्या पाण्यालाही वापरला आणि आगीच्या गाडीलाही, तसे त्यांच्याकडे आणखी कितीतरी असतील. दुसरं, कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये टांगलेल्या लाल नळकांड्यांवरची तारीख कोणीतरी वाचावी. कशी चालवायची ते नळकांड्यावरच लिहिलेलं असतं. ते मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून बाजूला चिकटवायला एक दुपार पुरेल.