चौकातील वळण आणि बसची वाट

चिंचवडकरांच्या नित्य परिचयाच्या सांगवी-किवळे रस्त्यावर २०१५ साली मध्यभागी बससाठी स्वतंत्र मार्गिका झाली. कठडे उभारले गेले. परंतु चौकात कठडा घालता येत नाही. उजवीकडे वळू पाहणारी मोटार तेथेच आडवी थांबली, की भरलेली बस एका मोटारीपायी खोळंबते.

मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. मेलबर्नने मात्र ती राखली आणि तिच्यासाठी मोटारीला थांबावयास लावले. वाहतूक तेथेही डाव्या बाजूनेच चालते. तरी फलक लावलेल्या चौकांत उजवीकडे वळणाऱ्याने डाव्या कडेने पुढे येऊन थांबावयाचे, आणि ज्या रस्त्यात शिरावयाचे त्याला हिरवा दिवा मिळाला म्हणजे वळावयाचे. मधले रूळ मोकळे राहतात.

हा नियम येथे जसाच्या तसा आणावा, असे आमचे म्हणणे नाही. दुचाकींच्या आपल्या गर्दीत त्याची आधी परीक्षा व्हावयास हवी. परंतु त्यामागील न्याय स्वीकारण्याजोगा आहे: अनेकांच्या वाहनासाठी एकट्याने थांबावे. महानगरपालिकेने व वाहतूक पोलिसांनी प्रत्येक चौकापुरता वळण्याचा नियम ठरवावा, तो रस्त्यावर ठळक रंगवावा आणि कसोशीने पाळावयास लावावा. त्यावाचून कठड्यांवरील खर्च निम्मा वाया जाईल.