यकृताचा ताळेबंद

स्त्रीचे अंग भरले की तिला 'खात्यापित्या घरची' म्हणावयाचे आणि तिच्या प्रकृतीविषयी निश्चिंत व्हावयाचे, ही आपल्या समाजाची जुनी सवय आहे. लोणावळ्यासारख्या थंड हवेच्या गावी तर आजाराची शंकाही कोणास येत नाही. परंतु पोटाभोवती साठणारी चरबी यकृतातही साठते. इन्सुलिनचे कार्य मंदावते, यकृताच्या पेशींना इजा पोहोचते आणि एसजीपीटी हे विकर, म्हणजेच एन्झाइम, रक्तात अधिक प्रमाणात उतरते. दुखणे मात्र वर्षानुवर्षे जाणवत नाही.

येथेच आकड्यांचा घोळ सुरू होतो. अनेक प्रयोगशाळांच्या अहवालांवर एसजीपीटीची वरची मर्यादा स्त्रीपुरुषांना सरसकट, लिटरमागे ४० एककांच्या आसपास, छापलेली असते. वस्तुतः २००२ मध्ये इटलीतील संशोधकांनी रक्तदात्यांच्या तपासणीवरून पुरुषांसाठी ३० व स्त्रियांसाठी १९ ही मर्यादा सुचविली होती. अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये स्त्रियांसाठी १९ ते २५ ही कक्षा मान्य केली. तरीही ३५ हा आकडा आलेली स्थूल स्त्री 'सर्व ठीक' असे ऐकून घरी परतते. उलट, आकडा खरोखर कमी असला तरी यकृतात चरबी नाही, असे सिद्ध होत नाही. ताळेबंदातील एकच रक्कम वाचून पेढीची पत ठरवू नये. कमरेचा घेर, रक्तशर्करा, रक्तदाब व रक्तातील मेद यांच्यासह हा आकडा वाचावयास हवा.

हा सुखवस्तूंचा विकार आहे, असा आक्षेप येईल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात त्याचे उत्तर आहे. तेथील बालके वजनाने हलकी जन्मली, तरी त्यांच्या अंगची चरबी त्या मानाने टिकून होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकडेवारीनुसार देशात पोटाची स्थूलता ४० टक्के स्त्रियांत आढळली. पुरुषांत ती १२ टक्के होती.

चालावे, वजन घटवावे, हा उपाय सारेच सांगतात. वजन सात ते दहा टक्के घटल्यास यकृतातील सूज ओसरू शकते, हे खरेच. पण त्यासाठी वेळ लागतो, आणि वेळ ही स्त्रीजवळची सर्वांत दुर्मिळ वस्तू होय. २०१९ च्या केंद्रीय पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. सकाळच्या लोकलने पुण्यास नोकरीला जाणारी लोणावळ्याची गृहिणी, १९२४ पासून येथे कैवल्यधाम असूनही, आसनांसाठी अर्धा तास कोठून काढणार?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मेदयुक्त यकृताचा विकार राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला. तिशीपुढील स्त्रीच्या कमरेच्या घेराचा रकाना आशा सेविकांच्या नोंदपत्रकात आहेच. तो घेर ८० सेंटिमीटरहून अधिक भरल्यास तिची रक्ततपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातच व्हावी आणि अहवालावर स्त्रियांची मर्यादा स्वतंत्र छापली जावी. मधुमेहाच्या आजन्म उपचारापुढे हा खर्च किरकोळ आहे. गर्भारपणी स्त्रीचे हिमोग्लोबिन काळजीने मोजणाऱ्या व्यवस्थेने चाळिशीतही तिची विचारपूस करावी, एवढीच ही मागणी आहे.