पहिलं घर जुनंच बघा!

मंडळी, आज जरा भांडणाचा विषय. पुण्यात पहिलं घर घेणाऱ्या आयटीवाल्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, बांधकाम चालू असलेल्या स्कीममध्ये बुकिंग करू नये. दहा ते वीस वर्षं जुन्या सोसायटीतला, भोगवटा प्रमाणपत्र असलेला रीसेल फ्लॅट घ्यावा. झालं, मुद्दा सांगून टाकला. ज्यांनी गेल्याच महिन्यात बुकिंगचा चेक दिलाय त्यांनी आधी माझ्यावर मनसोक्त चिडून घ्यावं आणि मग पुढे वाचावं. :)

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. आपली पिढी घर बांधत तर नाहीच, पण पाहतही नाही. पाहते काय, तर सॅम्पल फ्लॅट. त्यात आतल्या खोल्यांना दारं नसतात, म्हणजे खोली मोठी वाटते. पलंग मुद्दाम छोटा बनवून घेतलेला असतो. एका भिंतीला आख्खा आरसा. वॉशिंग मशीन, गॅस सिलिंडर, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, आजीची ट्रंक... यातलं काहीच नसतं. आणि हा फ्लॅट तुम्हाला मिळणारच नसतो. तुम्हाला मिळणार तो अकराव्या मजल्यावरचा, जिथे आज फक्त हवा आहे.

आता गंमत बघा. आपण धंद्याने सॉफ्टवेअरवाले. क्लायंटला दाखवलेला डेमो आणि प्रॉडक्शनमध्ये चालणारी सिस्टिम यांत काय फरक असतो हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. डेमोत सगळं चालतं, कारण डेमो आपणच बनवलेला असतो. सोमवार ते शुक्रवार डिलिव्हरी डेट्सवर कुत्सित हसणारी हीच माणसं शनिवारी साइट ऑफिसमध्ये जातात, कॉफी पितात आणि 'पझेशन दोन वर्षांत' हे ऐकून चेक फाडतात. कमाल आहे!

जुना फ्लॅट म्हणजे पंधरा वर्षं प्रॉडक्शनमध्ये चाललेली सिस्टिम. तिच्यात बग्ज आहेत. पण ते माहीत असलेले बग्ज आहेत, भिंतीवर दिसतात, शेजारच्या काकू न विचारता सांगतात. नव्या घराचे बग्ज तुम्ही राहायला गेल्यावर उघडणार, आणि टेस्टर तुम्हीच.

बरं, भावना बाजूला ठेवू, हिशेब करू. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुम्ही तुमचे टाका. दोन्ही फ्लॅट ९० लाखांचे, दोन्हींसाठी कर्ज ७० लाख, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रेशन दोन्हीकडे सारखंच, म्हणून सोडून देऊ. तीन वर्षांत परत न मिळणारा पैसा किती जातो ते बघू.

नवा फ्लॅट : बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, म्हणजे साडेचार लाख. (४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घरांना हा दर १ टक्का आहे, पण आपल्या उदाहरणाला तो लागू नाही.) पझेशन तीन वर्षांनी, तोवर २८ हजारांप्रमाणे भाडं, १० लाख ८ हजार. कर्ज टप्प्याटप्प्याने उचललं जाणार, सरासरी निम्मं धरलं तर प्री-ईएमआयचं व्याज ८ लाख ९० हजारांच्या आसपास. एकूण साडेतेवीस लाख.

जुना फ्लॅट : जीएसटी शून्य. पहिल्या महिन्यापासून पूर्ण ईएमआय, साधारण ६० हजार ७००. त्यातलं तीन वर्षांचं व्याज १७ लाख ३० हजार. सोसायटीचा मेंटेनन्स ३ हजारांप्रमाणे १ लाख ८ हजार. दुरुस्तीला, म्हणजे बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, नवं वायरिंग, किचन ओटा आणि रंगाला, ५ लाख. एकूण जवळजवळ साडेतेवीस लाख.

म्हणजे बरोबरी! मग भांडण कसलं? भांडण हे की नव्याचा आकडा हा सगळं वेळेवर झालं तरचा आकडा आहे. आणि त्यात मी किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, पंखे, सेफ्टी ग्रिल काही धरलेलंच नाही. एक वर्ष उशीर झाला की भाड्याचे ३ लाख ३६ हजार आणखी गेले. जुन्याचा आकडा मात्र अगदी सर्वसाधारण आहे. नव्याची सगळ्यात चांगली केस आणि जुन्याची रोजची केस सारखीच येत असेल, तर शहाण्या माणसाने कुठली निवडावी? शिवाय तीन वर्षांनी जुनावाला तीन वर्षं स्वतःच्या घरात राहिलेला असतो आणि त्याचं मुद्दल साडेचार लाखांनी उतरलेलं असतं. नवावाला ७० लाखांवर आत्ता कुठे सुरुवात करणार.

जुनी करपद्धत घेतलेल्यांसाठी आणखी एक. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते ती बांधकाम पूर्ण झाल्यावर. आधी भरलेलं व्याज पुढे पाच समान भागांत दाखवता येतं, पण त्याच २ लाखांच्या मर्यादेत. आणि ती मर्यादा चालू वर्षाच्या व्याजानेच भरून गेलेली असते.

पण पैशापेक्षा मला जास्त टोचतं ते वेगळंच. पझेशन जवळ आलं की जवळजवळ पूर्ण कर्ज उचललेलं असतं. तेव्हा व्याज महिन्याला ४९ हजार ५०० आणि भाडं २८ हजार, म्हणजे ७७ हजारांच्या वर, आणि राहायला घर अजून नाहीच. ही वर्षं कुठली? अठ्ठावीस ते चौतीस. नोकरी बदलायची, लग्नाची, मूल होण्याची, एखादा वेडा धोका पत्करायची हीच वर्षं. या वर्षांत महिन्याचे ७७ हजार अडकवून बसलेला माणूस मॅनेजरला 'नाही' म्हणू शकत नाही. २०२३ साली आयटीत कपातीच्या बातम्या रोज येत होत्या, तेव्हा माझ्या ओळखीतली सगळ्यात घाबरलेली माणसं हीच होती, भाडं आणि प्री-ईएमआय दोन्ही भरणारी. ईएमआय सगळ्यांनाच असतो हो. पण ज्याच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे त्याची भीती एकेरी असते. यांची दुहेरी.

आता नेहमीचा प्रश्न : 'अरे पण आता रेरा आहे ना?' आहे, आणि कायदा चांगलाच आहे. महाराष्ट्रात तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, पझेशन लांबलं तर व्याज किंवा पैसे परत मागता येतात, बांधकामातल्या दोषांची पाच वर्षं जबाबदारी बिल्डरवर असते. पण मागता येणं आणि पैसे बँकेत येणं यांत अंतर आहे. बिल्डरने आदेश पाळला नाही की वसुलीचं वॉरंट निघतं, ते जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातं, आणि तुम्ही ऑफिसमधून सुट्ट्या काढून फेऱ्या मारता. सेल्सवाला जी तारीख सांगतो ती आणि महारेराच्या साइटवरची तारीख यांत बऱ्याचदा वर्ष-दीड वर्षाचा फरक असतो. करारात बहुतेक दुसरीच लिहिलेली असते. ती वाचा आधी.

टोकाचं उदाहरण आपल्या शहराबाहेरचं आहे, पण विसरू नये असं. नोएडातल्या आम्रपाली प्रकरणात ४२ हजारांहून जास्त ग्राहक अडकले. जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीची रेरा नोंदणी रद्द केली आणि अर्धवट टॉवर पूर्ण करायचं काम एनबीसीसी या सरकारी कंपनीला दिलं. त्या ग्राहकांनीही ब्रोशर बघूनच घरं घेतली होती. आणि तयार घर घेणाऱ्याच्या वाट्याला हे कधीच येत नाही, कारण त्याचं घर आधीच उभं असतं.

ब्रोशरवरून आठवलं, त्यातला नकाशा. 'प्रस्तावित मेट्रो स्टेशन ५ मिनिटांवर', 'प्रस्तावित रिंग रोड'. पुण्यात 'प्रस्तावित' या शब्दाचा अर्थ काय होतो ते सांगतो. शहरातला उन्नत वर्तुळाकार मार्ग, एचसीएमटीआर, १९८७ च्या विकास आराखड्यात आहे. अजूनही आराखड्यातच आहे. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची कोनशिला डिसेंबर २०१८ मध्ये बसली, आणि २०२५ च्या मध्यावरही तिच्यातून एकही प्रवासी गेलेला नव्हता. प्रकल्प होतील, व्हावेत. पण त्यांची किंमत तुम्ही आजच्या दरात आधीच मोजताय.

आणि पाणी? सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, वाघोली ही गावं २०२१ साली महापालिकेत आली. टॉवर त्याच्या कितीतरी आधीपासून उभे राहत होते. पालिकेचं पाणी पोचेपर्यंत पाणी बिल्डर देईल, अशी हमीपत्रं घेऊन परवानग्या दिल्या गेल्या. मग सोसायटी रहिवाशांच्या हातात येते आणि टँकरचं बिल हळूच मेंटेनन्समध्ये उगवतं. क्लब हाऊस आहे, स्विमिंग पूल आहे, आणि आंघोळीला टँकर! कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी इथल्या जुन्या सोसायटीत जिम नसेल. पण नळाला खडकवासल्याचं पाणी येतं, खाली किराणा आहे, कोपऱ्यावर डॉक्टर आहे, बसचा स्टॉप आहे. मूल चौथीत जाईपर्यंत शाळा 'प्रस्तावित' राहत नाही.

'पण जुन्याचा भाव वाढत नाही' हाही एक समज. अहो, इमारत सगळ्यांचीच जुनी होते, नवी असो वा जुनी. वाढतो तो जमिनीचा भाव. तीन मजली सोसायटीत बारा-पंधरा घरांमागे जेवढी जमीन असते, तेवढ्यावर टॉवरमध्ये कितीतरी जास्त घरं असतात. तुमच्या वाट्याची जमीन कुठे जास्त ते सांगायला कॅल्क्युलेटर नको. आणि नवा फ्लॅट पाच वर्षांत विकायला काढाल तेव्हा समोर कोण असेल? त्याच बिल्डरचा फेज टू, नव्या सॅम्पल फ्लॅटसकट.

आता जुन्याच्या बाजूनेही आंधळेपणा नको. जुनं म्हणजे काहीही नव्हे. लिफ्ट नसलेला तिसरा मजला आई-बाबांसाठी घेऊ नका. पार्किंग बघा, जुन्या सोसायट्यांचं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे. मग कागद. भोगवटा प्रमाणपत्र आहे का? सोसायटी नोंदलेली आहे का, शेअर सर्टिफिकेट विकणाऱ्याच्या नावावर आहे का? आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी पूर्ण आहे का? जमिनीचं कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावे झालंय का? नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात आहे, पण ती प्रक्रिया सुरू झालीय का ते विचारा. पंधरा वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी व्हावं, असं आदर्श उपविधी सांगतात. रिपोर्ट मागा. सेक्रेटरी टाळाटाळ करायला लागले तर तेच तुमचं उत्तर. ट्रान्सफर प्रीमियम शहरात जास्तीत जास्त २५ हजार. त्याच्यावर 'डोनेशन' मागितलं तर नियम दाखवा. आणि विकणारा काही रक्कम रोख मागत असेल, तर नमस्कार करून बाहेर पडा.

हे सगळं तपासायला तीन-चार रविवार आणि एका चांगल्या वकिलाची फी लागते. नव्या स्कीममध्ये तपासायला काही नसतंच, म्हणून ते सोपं वाटतं!

राहता राहिला शेवटचा अडथळा, लोक. 'वापरलेलं घर कशाला घेताय?' असं वास्तुशांतीला एक तरी आत्या म्हणणार. तिला सांगा, आत्या, तुम्ही वाढलात ते वाड्यातलं घरही चार पिढ्यांनी वापरलेलंच होतं. ऑफिसमधला मित्र लॉबीचे फोटो दाखवेल, दाखवू दे. लॉबीत कुणी राहत नाही.

बांधून झालेला, भोगवटा प्रमाणपत्र हातात असलेला नवा फ्लॅट परवडत असेल तर खुशाल घ्या. तिथे जीएसटी नाही आणि वाटही बघायची नाही, माझी तक्रारही नाही. माझं भांडण फक्त न झालेल्या घराशी आहे. झालेलं घर बघायला मात्र भर पावसात जा, जुलैत, संध्याकाळी सहा वाजता. छतावरची ओल दिसते, खालचं तुंबलेलं पाणी दिसतं, लाइट गेल्यावर लिफ्ट चालते का कळतं, आणि शेजारी घरीच असतात. चहा मिळतो तो वेगळाच.

बाकी निर्णय तुमचा, पगार तुमचा, वीस वर्षंही तुमचीच.