पपई, पाणी आणि अप्पा



लुडविग्सहाफेनला आलो त्या पहिल्याच वर्षी दुकानातल्या पपईच्या बिया राखेत चोळून, बुळबुळीत आवरण काढून कुंडीत लावल्या. तीन आठवड्यांत रोपं वर आली आणि अस्मादिक खूष! उन्हाळाभर बाल्कनीत राहून एक रोप कमरेएवढं झालं. ऑक्टोबरात ते घरात, खिडकीशी घेतलं आणि रोज न चुकता पाणी घातलं. जानेवारीत बुंधा मऊ पडला आणि रोप आडवं!

आमची शहाद्याला पपईचीच शेती. शेतकऱ्याच्या इंजिनिअर मुलाला एक रोप जगवता आलं नाही, हे अप्पांना सांगायला मला आठवडा लागला. ते एवढंच म्हणाले, "आपण वरंब्यावर का लावतो रे? मुळाशी पाणी साचू नये म्हणून. तिथं हिवाळ्यात ऊन नाही, तर ते पिणार किती?" लहानपणी त्याच वरंब्यांवरून पळायचो, पण कधी विचारलंच नव्हतं.

तर आता कुंडीला मोठी भोकं, मातीत वाळू आणि हिवाळ्यात वरची माती बोटभर कोरडी झाली तरच पाणी. रोप बाहेर काढायचं ते 'आइसहायलिगे', म्हणजे ११ ते १५ मे हे थंडीचे दिवस सरल्यावर. इथले बागवालेही तेच पाळतात.

यंदाच्या रोपानं हिवाळा काढला. नर की मादी, ते फुलल्यावरच कळेल. पण दर रविवारी फोनवर अप्पा आधी रोपाची चौकशी करतात, मग माझी.

तुमच्यापैकी कुणी फळापर्यंत पोचलंय का? जरूर कळवा.