पाह्यला म्हणजे पाह्यला!

बालमित्रांनो, ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आपल्या महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? सरकारने २०२० साली तो सुरू केला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. चितमपल्लींची वनखात्यातली काही वर्षं आपल्या मेळघाटात गेली. पक्ष्यांची मराठी नावं गोळा करून त्यांनी अख्खा पक्षिकोश केला. जून २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. पण आठवडा त्यांच्या वाढदिवसापासूनच सुरू होतो.

तर या आठवड्यात आमच्या जठारपेठेतल्या दोन दोस्तांनी शर्यत लावली. आठ दिवसांत जास्त जातींचे पक्षी कोण पाहतो! हद्द ठरली जठारपेठ चौकापासून मोर्णेच्या काठापर्यंत. एकाजवळ मोठ्या भावाचा कॅमेरा, दुसऱ्याजवळ दोनशे पानी वही. नावं सांगत नाही, कॅमेरावाला आणि वहीवाला एवढंच म्हणू. आणि पंच कोण? मी! मला कोणी विचारलंही नाही, बरं का. शाळा सुटल्यावर दोघं घरी आले आणि "सर, तुम्ही पंच" म्हणून मोकळे झाले.

पहिले तीन दिवस मजेत गेले. चिमणी, साळुंकी, बुलबुल, दयाळ, पोपट, तांबट, शिंपी, भारद्वाज. नदीकाठी टिटवी, खंड्या, बगळा, शेकाट्या. शेपटी खालीवर करत चालणारा धोबी पक्षीही आला होता, तो थंडीचा पाहुणा. दोघांची बरोबरी चालली होती. चौथ्या दिवशी दोघंही तणतणत आले.

"सर, हा खोटं बोलून राह्यला. यानं रानपिंगळा लिवला!"

"खोटं कायले बोलू? पाह्यला म्हणजे पाह्यला. निंबावर बसला होता, भर दिवसा."

"मंग फोटो कुठी हाय?"

"सगळ्याइच्या घरी कॅमेरा नसते, बाप्पा!"

हे शेवटचं वाक्य ऐकून मी जरा गप्पच झालो. पोराचं खरं होतं. कॅमेरा नसलेल्याने पाहिलेला पक्षी काय पक्षी नसतो? जुन्या काळी निरीक्षकांनी डोळ्यांवर आणि वहीवरच किती काम केलं. म्हणून मी पहिला निकाल दिला, फोटो नसला तरी चालेल. पण रानपिंगळा? ते प्रकरण इतकं सोपं नव्हतं. त्यासाठी मी दोघांना ओट्यावर बसवलं आणि एक गोष्ट सांगितली. ती तुम्हीही ऐका. गोष्ट खरी आहे.

रानपिंगळा हे एक छोटं घुबड. फक्त भारतात सापडतं. १८७३ साली त्याची शास्त्रात नोंद झाली. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात १८८४ पर्यंत काही नमुने गोळा केले, आणि मग हा पक्षी कुणाला दिसेचना! जगातल्या संग्रहालयांत त्याची मोजकी कातडी तेवढी उरली. त्यांतलं एक होतं रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या नामांकित लष्करी अधिकाऱ्याचं. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मांडवी, गुजरात, १९१४'. म्हणजे १९१४ पर्यंत तरी रानपिंगळा होता, आणि तोही गुजरातेत, असं सगळ्यांनी धरलं. शोधणारे तिकडे गेले आणि हात हलवत परत आले.

पुढे अमेरिकेतल्या पॅमेला रासमुसेन बाईंनी हा नमुना नीट तपासला. पक्ष्याचं कातडं सोलून भरायची प्रत्येकाची हातोटी निराळी असते, जशी प्रत्येक आईची पुरणपोळी निराळी. या नमुन्यात त्यांना डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा सापडल्या! माइनर्ट्झहॅगनने तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरला होता, पुन्हा भरला होता आणि वर आपली खोटी चिठ्ठी लावली होती. एवढा मोठा माणूस! नाव व्हावं म्हणून हे केलं असेल, दुसरं काय?

मग बाईंनी मांडवीचा नाद सोडला. जिथले नमुने खरे, तिथेच शोधायचं ठरवलं. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे दोघे सोबतीला होते. आधी पूर्वेकडची ठिकाणं पाहिली, तिथे काही नाही. मग आले शहाद्याकडे, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यात. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी बेन किंग यांना एका निष्पर्ण झाडावर घुबड दिसलं. तोच! ११३ वर्षांनी! त्यांनी त्याचे फोटो घेतले, चित्रणही केलं. पुढच्या काही वर्षांत तो आपल्या मेळघाटातही सापडला. अकोल्याहून मेळघाट ते किती दूर!

"मंग माझा खरा असू शकते ना, सर?" वहीवाल्याचे डोळे चमकले.

"असू शकतो. तू वहीत काय लिहिलंस ते वाच."

त्याने वाचलं: 'चौकाजवळचा निंब. सकाळी साडेसात. दोन होते. डोळे पिवळे. डोक्यावर पांढरे ठिपके खूप. मान वरखाली करत होते.'

वाचता वाचता तो 'ठिपके खूप' या शब्दांवर अडखळला. कारण गोष्ट सांगताना मी पाटीवर दोन्ही घुबडांची चित्रं काढली होती. आपल्या गावातल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठसठशीत पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. त्याच्या छातीवर रुंद तपकिरी पट्टा, पोट पांढरंशुभ्र आणि पायांच्या बोटांपर्यंत दाट पांढरी पिसं. तो दिवसाही हिंडतो, हे खरं. पण साधा पिंगळाही सकाळी उन्हात येऊन बसतोच की.

पोराने स्वतःच पेन्सिल घेतली आणि 'रान' खोडलं. 'पिंगळा' ठेवला. तो त्याच्या यादीत आधी नव्हताच, म्हणून गुण शिल्लक राहिला. मला त्याची वही फार आवडली. नाव चुकलं, पण जे दिसलं ते त्याने जसंच्या तसं लिहिलं होतं. त्याने ठिपके गाळले असते, तर मी काय करणार होतो?

आता कॅमेरावाल्याची पाळी. त्याचा सगळ्यात सुंदर फोटो होता होल्याच्या घरट्याचा. दोन पांढरी अंडी, वर बसलेली मादी, सगळं स्वच्छ. जरा जास्तच स्वच्छ! मी विचारलं, "समोरच्या फांद्या कुठे गेल्या रे?" तो जमिनीकडे पाहू लागला. त्याने त्या बाजूला वाकवून बांधल्या होत्या. म्हणजे आडोसा गेला, ऊन आत आलं आणि कावळ्याला वरून अंडी दिसू लागली. मी तो फोटो बाद केला आणि आधी फांद्या सोडून यायला पिटाळलं. थोडा रुसला. रुसू दे! होला मात्र यादीत राहिला, कारण तो पाहिला होता हे खरंच.

तुम्हाला नवल वाटेल, पण पक्षी मोजण्याची चढाओढ बंदुकीच्या चढाओढीतून निघाली आहे. अमेरिकेत नाताळच्या दिवशी लोक दोन तुकड्या करून रानात जायचे आणि ज्यांचा मेलेल्या पक्ष्या-प्राण्यांचा ढीग मोठा, ते जिंकायचे. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षितज्ज्ञाने १९०० साली सुचवलं, मारू नका, मोजा! त्या पहिल्या नाताळात २५ ठिकाणी मिळून २७ जणांनी पक्षी मोजले. ती मोजणी आजही दरवर्षी होते, आणि कुठले पक्षी कमी होत चालले हे त्या याद्यांवरून कळतं. आपल्याकडेही मुंबईत २००५ पासून पक्ष्यांची शर्यत होऊ लागली, मग ती इतर शहरांत गेली. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत गट फिरतात.

तुम्हीही दोस्तांबरोबर लावा अशी शर्यत. तारीख, वेळ, जागा आणि जे दिसलं ते, एवढं वहीत हवंच. नाव कळलं नाही तर जागा मोकळी सोडा, नंतर भरता येते. घरट्यापासून दूर राहा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. त्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला. बिचारा खाणंपिणं सोडून भांडायला येतो आणि तिथे कोणीच नसतं!

टिटवीबद्दल तर हात जोडून सांगतो. ती उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालते, अगदी खड्यांसारखी. तुम्ही फोटोसाठी जवळ उभे राहिलात की ती उठते आणि ओरडत डोक्यावर फिरते. आपल्या अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. ती त्या अंड्यांवर सावली धरून बसलेली असते. कधी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही दहा मिनिटं तिथे थांबलात, तर अंडी शिजायची. ती ओरडू लागली की मागे फिरा.

आमच्या दोघांची यादी अजून सुरू आहे. रविवारी पातूर रोडवरच्या कापशी तलावावर जायचं ठरलंय. तिथे थंडीत बदकं उतरतात. कापशी हद्दीच्या बाहेर, म्हणून तिथले गुण धरायचे की नाहीत यावर पुन्हा वाद पेटलाय. सध्या तरी कॅमेरा एक दिवस याच्या गळ्यात, एक दिवस त्याच्या, एवढं त्यांनी आपसांत ठरवलं आहे. तुम्ही तलावावर गेलात तर घरचं मोठं माणूस सोबत न्या, भडक रंगाचे कपडे घालू नका आणि पाण्यात उतरू नका. काठावर गाळ फार असतो.