मानेवरची खूण आणि लाज कुणाची



आज एका अशा पुस्तकाबद्दल लिहिते आहे, जे मुलीच्या हातात दिसलं तर बऱ्याच आया काढून घेतील. माझं मत वेगळं आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला ते वाचू द्यावं. मात्र तिच्याआधी आपण वाचावं.

शार्लट निकोल डेव्हिस या अमेरिकन लेखिकेची 'द गुड लक गर्ल्स' ही कुमारवयीन वाचकांसाठीची अद्भुत कादंबरी. ती २०१९ साली आली आणि तिचा पुढचा भाग २०२१ मध्ये. अर्केटा नावाच्या कल्पित देशात कर्जात बुडालेल्या गरीब घरांतल्या लहान मुली 'वेलकम हाउस'ला विकल्या जातात. नाव स्वागताचं, धंदा कुंटणखान्याचा. तिथे मुलीचं जुनं नाव जातं आणि फुलाझाडाचं नाव मिळतं. मानेवर जादूचं गोंदण करतात. मुलगी वाढते तसं तेही फुलत जातं. झाकायला गेलं की ते तापतं आणि भाजतं. लहानपणी घरकाम, सोळा वर्षांची झाली की रात्रीचं काम. आणि लोक त्यांना नशीबवान म्हणतात, कारण पोटभर जेवायला मिळतं ना!

क्लेमेंटाइनच्या पहिल्याच रात्री तिच्या हातून एक बडं गिऱ्हाईक मरतं. आता तिची धडगत नाही. मग मोठी बहीण ॲस्टर, टॅन्सी, मॅलो आणि व्हायोलेट, सगळ्या तिच्यासोबत पळतात. गोंदण पुसून देणारी कुणी एक बाई आहे, अशा ऐकीव गोष्टीच्या भरवशावर.

पुस्तकात मारामारी आहे, भुतं आहेत, वाटेत पैशांसाठी मुली लूटही करतात. सूड आणि चोरी मला पटत नाही आणि मुलीशी बोलताना ते स्पष्ट सांगावं. पण तेवढ्यासाठी पुस्तक बंद करू नये. घाणेरडी वर्णनं लेखिकेने टाळली आहेत. तिचा रोख वेगळ्या गोष्टीवर आहे. खूण मुलीच्या मानेवर असते. विकणाऱ्याच्या, विकत घेणाऱ्याच्या अंगावर काहीच नसतं.

आता आपल्या घरातली भाषा आठवा. मुलगी म्हणजे काचेचं भांडं. मुलीच्या नावाला डाग लागता कामा नये. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, काळजीच असते. पण ऐकणारी मुलगी काय शिकते? उद्या शिकवणीत, प्रवासात किंवा अगदी नात्यातल्या कुणी तिला त्रास दिला, तर डाग आपल्यालाच लागला असं समजून ती गप्प बसेल. आईलाच सांगायची तिला भीती वाटेल. मला या पुस्तकापेक्षा त्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटते.

दुसरी गोष्ट आपल्याला बोचणारी आहे. त्या घराची मालकीण मदर फ्लूर, एक बाईच आहे. आणि व्हायोलेट तिची लाडकी, नियम पाळणारी, दुसऱ्या मुलींना नकोशी. तीही या पळणाऱ्यांत सामील होते, म्हणून मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जिला त्यातल्या त्यात बरं चाललंय, तिने बाजू बदलली की कुलूप ढिलं होतं.

हे वाचताना मला चंदनबाला आठवली. आपण तिचे उडदाचे बाकळे आठवतो, तिच्या नावाने तेला करतो. पण ती कौशांबीच्या बाजारात विकायला उभी होती आणि तिला घ्यायला एक गणिका आली होती, हा भाग आपण मुलींना भरभर सांगून पुढे जातो. धनावह शेठजींनी तिला मुलीसारखं घरी आणलं. तिचे केस कापून, पायांत बेड्या घालून कोंडणारी मूला सेठाणी ही घरातलीच बाई होती. नुसत्या संशयावरून! आणि ती कुठे आहे हे शेठजींना सांगणारी घरातली एक म्हातारी दासी. सेठाणीचा धाक तिलाही असणारच, पण ती बोलली.

पुढे हीच चंदनबाला प्रभू महावीरांच्या संघात ३६,००० साध्वींची प्रमुख झाली. बाजारात उभी होती म्हणून तिला संघाने मागे ठेवलं नाही. ज्या धर्मात ही कथा इतक्या आदराने सांगितली जाते, त्या धर्मातल्या आयांनी मुलींना डागाची भीती का घालावी?

तेव्हा पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून मागे हटू नका. जमेल तेवढं वाचा, अडेल तिथे मुलीलाच विचारा. तिलाही आईला काही समजावून सांगायला आवडेल. वाचून झालं की तिला इतकंच सांगा: तुझ्या बाबतीत कुणी काही चुकीचं केलं, तर चूक त्याची. तू आधी माझ्याकडे ये, मी तुलाच दोष देणार नाही.

हे वाक्य मोठ्याने म्हणायला आपल्यालाही थोडं जड जाईल, कारण आपल्याला ते कुणी म्हटलं नव्हतं. पण म्हणा. आणि घरात सून असेल, भाची असेल, कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी असेल, तर तिलाही म्हणा.